'आम्हाला राजा हवा!' : बायबलमधला एक इशारा

बायबलशी आपला धार्मिक संबंध नसला, तरी त्यातलं एक प्रकरण चळवळीतल्या प्रत्येक तरुणाने समजून घ्यावं असं आहे. राजा प्रजेवर कोणकोणती ओझी लादतो, याची जणू यादीच तिथे दिली आहे.

हे प्रकरण म्हणजे जुन्या करारातील 'पहिले शमुवेल' या पुस्तकाचा आठवा अध्याय. इस्राएलच्या वंशांना तेव्हा राजा नव्हता. संकटकाळी पुढे येणारे 'शास्ते' तंटे सोडवत आणि लढाईत नेतृत्व करत. शमुवेल असाच एक शास्ता. म्हातारपणी त्याने आपल्या दोन मुलांनाच त्या पदावर नेमलं आणि ती मुलं लाच खाऊन न्याय विकू लागली. तेव्हा समाजातली वडीलधारी मंडळी रामा या गावी जमली आणि म्हणाली, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा द्या.

तक्रार खरी होती. लोक भ्रष्टाचाराला आणि घराणेशाहीला विटले होते. पण उपाय म्हणून त्यांनी मागितली ती त्याहून मोठी घराणेशाही.

शमुवेलाने त्यांना राजेशाहीची किंमत सांगितली. राजा तुमची मुलं रथांसाठी, घोडदळासाठी, स्वतःची शेतं नांगरण्यासाठी आणि शस्त्रं बनवण्यासाठी नेईल. मुलींना स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला लावेल. उत्तम शेतं, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा काढून आपल्या चाकरांना देईल. धान्याचा आणि शेरडामेंढरांचा दहावा हिस्सा घेईल. शेवटी तुम्ही स्वतःच त्याचे गुलाम व्हाल. या इशाऱ्यात 'घेईल' हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. राजा काही देईल, तर ते तुमच्याकडून घेऊन आपल्या माणसांना.

लोकांनी ऐकलं नाही. आमच्या पुढे चालणारा, आमच्या लढाया लढणारा कुणीतरी हवा, हाच त्यांचा हट्ट होता. शौल पहिला राजा झाला.

पुढे शलमोनाच्या काळात हा इशारा खरा ठरला. 'पहिले राजे' या पुस्तकानुसार त्याने ३०,००० माणसं वेठीला धरली आणि दर महिन्याला १०,००० अशा पाळीने लबानोनात पाठवली. ओझी वाहायला ७०,००० आणि दगड फोडायला ८०,००० माणसं होती. राज्याचे बारा विभाग करून प्रत्येकाने वर्षातला एक महिना राजवाड्याला अन्न पुरवायचं, असा नियम होता. मंदिराला सात वर्षं लागली, तर राजवाड्याला तेरा! अनेक अभ्यासकांच्या मते शमुवेलाच्या तोंडचा इशारा अशाच अनुभवातून लिहिला गेला असावा.

शलमोनानंतर त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला. ओझं हलकं करा, अशी विनंती लोकांनी शखेम इथे केली. अनुभवी सल्लागारांनी नमतं घ्यायला सांगितलं, पण रहबामाने आपल्या तरुण सोबत्यांचं ऐकून जू आणखी जड करण्याची धमकी दिली. दहा वंश फुटून निघाले. वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं.

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो, राज्यात चोऱ्यामाऱ्या आहेत, अशा वेळी नवा कर लादणं चूक. शेतकऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला योग्य वेतन द्या. तथागतांनी सांगितलेल्या या कथेत राज्यकर्ता आधी देतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच धोक्यावर बोट ठेवलं होतं. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांनी बजावलं.

आज राजे नाहीत, पण 'आमच्या वतीने लढणारा कुणीतरी हवा' ही ओढ शिल्लक आहे. ती पक्षात आहे, संघटनेत आहे, आपल्या विहाराच्या कमिटीतही आहे. म्हणून कुणाच्याही मागे जाताना तीन गोष्टी विचारूया. हिशोब कोण मागू शकतं? कष्ट कुणाचे आणि लाभ कुणाला? आणि हा माणूस नको वाटला, तर त्याला बदलण्याची सोय आहे का?

जयभीम! नमो बुद्धाय!