पहिली सर्व्हिसिंग: एक लिटर ऑइल आणि एक शिक्का

नव्या मोटारसायकलची पहिली सर्व्हिसिंग साधारण 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा खरेदीपासून महिना-दोन महिन्यांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा करायची असते. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो आणि गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. काम थोडके आहे. इंजिनातले ऑइल बदलायचे, चेनचा ताण बघायचा, क्लच आणि ब्रेक जमवायचे, नटबोल्ट आवळायचे आणि टायरमधली हवा तपासायची. सराईत फिटर ते तासाभरात उरकतो. चार पाने आणि एक टोपले हाताशी असलेला मालकही रविवारच्या सकाळी अंगणात करू शकतो. तरीही पुढच्या कोणत्याही सर्व्हिसिंगपेक्षा या पहिलीचे महत्त्व अधिक आहे. त्याचे एक कारण इंजिनाच्या आत आहे, दुसरे कागदावर.

कारखान्यातून आलेल्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल धरून राहते, आणि पिस्टनच्या रिंगा त्यांचे उंचवटे झिजवत झिजवत भिंतीला मिळत्या होतात. गॅरेजच्या बोलीत याला रिंगा बसणे म्हणतात. इंजिन बसणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट: रिंगा बसल्या तर गाडी मोकळी होते, इंजिन बसले तर बोअर-पिस्टनचा खर्च निघतो. रिंगा बसाव्यात म्हणून पुस्तिकेत पहिल्या हजारेक किलोमीटरसाठी वेगाची मर्यादा दिलेली असते, लहान गाड्यांना साधारण ताशी 40 ते 50 किलोमीटर. एकाच वेगाने तासन्‌तास पळवण्यापेक्षा वेग कमी-जास्त होत राहिलेला बरा. वेगापेक्षाही जास्त अपाय होतो तो चौथ्या गिअरमध्ये घाट चढवून इंजिनाला धापा टाकायला लावल्याने.

या झिजेतून निघालेली धातूची पूड ऑइलमध्येच उतरते. रिंगा, गिअरचे दाते, क्लचच्या पट्ट्या सगळेच थोडेथोडे झिजते आणि पहिल्या काही शे किलोमीटरांत ही झीज सर्वांत जास्त असते. पहिले ऑइल टोपल्यात काढून उन्हात धरले, तर अभ्रकाची पूड मिसळल्यासारखी रुपेरी चमक त्यात तरंगताना दिसते. ही चमक दोषाची खूण नव्हे. बोटांत चोळून पाहिल्यावर नखाला टोचेल असा कण सापडला, तरच काळजी करायची आणि तो कण कागदात गुंडाळून शोरूमला दाखवायचा.

ही पूड अडवण्याची सोय प्रत्येक इंजिनात सारखी नसते. 1985 मध्ये हीरो होंडाने सीडी 100 आणली तेव्हा पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली होती. विसरायचे ते पेट्रोल, ऑइल नव्हे. 1994 पासून आलेल्या स्प्लेंडरच्या इंजिनाची घडणही त्याच घराण्यातली. त्यात बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाही. तळाशी एक जाळी आहे आणि क्रँकच्या टोकाला फिरणारी एक पेटी. फिरण्याच्या जोराने जड कण या पेटीच्या कडेला फेकले जाऊन तिथेच चिकटतात. ती साफ करायला इंजिनाची बाजू उघडावी लागते, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला सहसा तिला हात लावत नाहीत. अशा गाडीत ऑइल बदलणे हाच पूड बाहेर काढण्याचा मुख्य मार्ग उरतो. पल्सर किंवा रॉयल एन्फिल्डच्या इंजिनांत मात्र कागदी फिल्टर असतो. तो ऑइलबरोबर बदलायचा आणि त्याच्या झाकणाखालची रबरी रिंगही नवी घालायची.

ऑइल कोणते, हा प्रश्न किमतीपेक्षा क्लचचा आहे. मोटारीत इंजिनाचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असते. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरते. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती मोटारसायकलमध्ये ओतली तर क्लचच्या पट्ट्या निसटू लागतात: ॲक्सिलेटर पिळला की इंजिन ओरडते, पण गाडी जागची फारशी हलत नाही. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 असा शिक्का बघतात. जपानमध्ये ठरवलेले हे प्रमाण ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचच्या गाड्यांसाठीच आहे. दाटपणाचा आकडा पुस्तिकेत असतो. कुणाला 10 डब्ल्यू 30 लागते, कुणाला 20 डब्ल्यू 50. शेजाऱ्याच्या गाडीला चालते म्हणून आपल्या गाडीला चालेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

शोरूममध्ये गाडी गेली की आधी जॉब कार्ड बनते. त्यावर किलोमीटर आणि मालकाच्या तक्रारी लिहितात, पुस्तिकेतले कुपन फाडतात आणि गाडी वॉशिंगला जाते. सर्व्हिसिंग फ्री असते म्हणजे मजुरी फ्री असते. ऑइल, फिल्टर, वॉशर यांचे पैसे बिलात येतात, आणि त्यांच्या मागोमाग कधी पॉलिश, कधी ऑइलमध्ये घालायचे एखादे औषधही येते. पुस्तिकेत नसलेली वस्तू नको म्हणण्याचा हक्क मालकाला आहे, आणि तो जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी वापरलेला बरा. शोरूमची खरी जमेची बाजू म्हणजे यंत्रे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आल्यावर लहान गाड्यांतही इंधन इंजेक्शनने जाऊ लागले आणि बिघाडाची नोंद गाडीच्या मेंदूत साठू लागली. ती वाचायला स्कॅनर लागतो. एखाद्या भागात कंपनीला आधीच दोष कळला असेल, तर तो बदलण्याची सूचनाही अधिकृत केंद्राकडे येते. अंगणातल्या मालकाला ती कळण्याचा मार्ग नाही.

उणी बाजू गर्दीची. सोमवारी सकाळी वीस-पंचवीस गाड्या रांगेत असल्या की दिसणारी कामे होतात, न दिसणारी राहून जातात. टॅपेट हे त्याचे उत्तम उदाहरण. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, लहान इंजिनांत ती 0.05 ते 0.10 च्या आसपास असते. फिलर गेजची पाती सरकवून ती इंजिन पूर्ण थंड असताना बघायची असते. गाडी तर मालकाने चालवत आणलेली, म्हणजे तापलेली. संध्याकाळी ताबा द्यायचा, तर ते इंजिन निवायला कुणापाशी वेळ नसतो. टॅपेट खरोखर बघून हवे असतील तर गाडी आदल्या संध्याकाळीच ठेवून यावी. वॉशिंगचेही तसेच: जोराच्या पाण्याने चेनवरचे वंगण धुऊन जाते, आणि चकाचक झालेली गाडी कोरड्या चेनवर घरी येते.

घरी करायची झाली तर दोन-चार किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे ऑइल पातळ होते आणि तळाची पूड त्यात मिसळून येते. फार तापलेले ऑइल हाताला भाजते, म्हणून दहा मिनिटे थांबावे. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावून खाली टोपले ठेवायचे. स्प्लेंडरसारख्या गाडीचा ड्रेन बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली असतो, त्याला 17 चा पाना लागतो. रिंग पाना किंवा सॉकेट वापरावे. उघड्या तोंडाचा पाना घसरला की बोल्टच्या कडा गोल होतात. ऑइल भरायचे झाकण सैल केले की धार मोकळी पडते. दहा-पंधरा मिनिटांनी थेंब थांबले की बोल्ट पुसून नवा वॉशर घालून लावायचा.

घरच्या सर्व्हिसिंगचा सगळा धोका या एका बोल्टात साठलेला आहे. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचा पेटारा ॲल्युमिनियमचा. बोल्ट आधी हाताने, पूर्ण सरळ, अडखळत नाही ना हे बघत फिरवायचा आणि मगच पाना लावायचा. त्याला लागणारा ताण 25 ते 30 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. साध्या पान्याने तो मनगटाच्या जोरावर येतो, खांद्याच्या नव्हे. गळू नये म्हणून शेवटचा अर्धा फेरा खांद्याने मारणारा माणूस पेटाऱ्यातले आटे घालवतो. आटे गेले की लेथवाल्याकडे जाऊन मोठे आटे पाडून घ्यावे लागतात, आणि ते वॉरंटीत बसत नाही. टॉर्क पाना ही भीती मिटवतो, पण त्याच्या किमतीत कित्येक वर्षांचे ऑइल येते.

भरताना मोजून भरावे. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना एक लिटरच्या आसपास ऑइल लागते, पण आसपास म्हणजे एक लिटर नव्हे. डबा उघडला म्हणून पूर्ण ओतला आणि इंजिनाला 800 मिलिलिटरच लागत असले, तर जादा ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळते आणि श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये पोहोचते. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करायचे, थोडे थांबायचे आणि काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का ते बघायचे. काडी आटे फिरवून आत घालून बघायची की नुसती टेकवून, हेही पुस्तिकेतच असते. त्यात चुकले तर पातळी भलतीच दिसते.

चेनचे काम वेळखाऊ नाही, पण नजर मागते. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरांत सैलावते. पूर्ण झाकलेल्या चेनच्या गाड्यांत कव्हरवर रबरी बूच असते. ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवून बघतात. खेळ साधारण 20 ते 30 मिलिमीटर असावा. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे मोजायचे, नाहीतर ढिल्या जागी बरोबर दिसणारी चेन ताठ जागी बेअरिंग ओढते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवल्या नाहीत तर चाक तिरपे बसते. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिलिमीटर खेळ, ब्रेकची केबल, हँडलचा कोनसेट, आऱ्यांच्या चाकातले ढिले आरे ही कामे हातासरशी होतात.

पैशांचा हिशेब मांडला तर घरची सर्व्हिसिंग पहिल्या खेपेला काहीच वाचवत नाही, कारण मजुरी तशीही फ्री आहे आणि ऑइल दोन्हीकडे विकतच घ्यायचे आहे. उलट जातो तो पुस्तिकेतला शोरूमचा शिक्का. वॉरंटीच्या अटींत फ्री सर्व्हिसिंग वेळेत आणि अधिकृत केंद्रात झाल्या पाहिजेत असे लिहिलेले असते, आणि ती नोंद नसेल तर पुढचा दावा अडतो. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरावीक दुकानातूनच सर्व्हिस करून घेण्याच्या अटीवर वॉरंटी बांधायला मनाई केली. भारतात त्या धर्तीचा स्वतंत्र कायदा नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच मुठीत ठेवल्याबद्दल सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता; बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही त्यात बोट ठेवले होते. ते प्रकरण चारचाकींचे होते. 2022 च्या अखेरीस केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनेही घेतली. पण पोर्टल माहिती देते, पुस्तिकेतली अट पुसत नाही.

त्यामुळे फ्री कुपने असेपर्यंत गाडी शोरूमला नेणे आणि घरी आल्यावर काडी, चेन आणि ड्रेन बोल्ट स्वतः तपासणे हा व्यवहाराला धरून असलेला मार्ग. ज्याला हात बसवायचा आहे त्याने दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एकदा ऑइल घरी बदलावे. त्याने कुपनाला धक्का लागत नाही. तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्याचे गणित निराळे. त्याला शोरूमची एक फेरी दिवसभराच्या मजुरीला पडते. पहिली सर्व्हिसिंग तिथे करून बाकीच्यांना ओळखीचा फिटर गाठणारे मालक खेड्यांत थोडे नाहीत. ऑइलच्या डब्याची पावती आणि किलोमीटरची नोंद त्यांनीही जपावी, कारण शिक्का नसताना तेवढाच पुरावा उरतो.

राहिले टोपल्यातले काळे ऑइल. खेडोपाडी ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, कुंपणाच्या खांबांना लावतात, गटारातही ओततात. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल येते आणि जमिनीत मुरले की विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच ते नरसाळ्याने भरून, झाकण घट्ट लावून, जवळच्या गॅरेजच्या बॅरलमध्ये ओतून यावे. गॅरेजवाले ते साठवून ऑइल गोळा करणाऱ्यांना विकतात, त्यामुळे सहसा कुणी नको म्हणत नाही.