टेकडीच्या पोटात

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन नगर वसलेले आहे. नगराभोवती मातीचा उंच तट असून त्याला लागून खंदक आहे. येथे जगन्नाथ टेकडी या नावाची एक टेकडी आहे. दुरून पाहणाऱ्यास ती मातीचा एक साधा उंचवटा वाटावी. परंतु या उंचवट्याच्या पोटात एक भव्य बौद्ध स्तूप दडून राहिला होता.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी हे या कार्याचे प्रमुख होते. तेव्हा विटांनी बांधलेला वर्तुळाकार स्तूप उजेडात आला. प्रारंभी त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर होता. पुढे तो वाढवून सुमारे ४१ मीटर करण्यात आला. सांचीचा प्रसिद्ध स्तूपही एवढा रुंद नाही. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव स्तंभही सापडले. एका शिल्पात बोधिवृक्षाखालील रिकाम्या आसनावर मुचलिंद नाग आपल्या फणा पसरून उभा आहे. त्या काळी भगवान बुद्धाची मूर्ती न घडविता आसन, वृक्ष अशा चिन्हांनीच त्याचे अस्तित्व सुचवीत असत. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांची नावे कोणत्याही इतिहासग्रंथात आली नसती, अशा माणसांची नावे त्या दगडांनी जपून ठेवली.

जमिनीखाली काय दडले आहे, हे वरून कसे ओळखावे? टेकडी दिसली की कुदळ घेऊन खणावयास लागावे, असे संशोधक कधीही करीत नाही. कारण ग्रंथाचे पान वाचून झाल्यावरही शिल्लक राहते. मातीचा थर मात्र एकदा उकरला की पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही. म्हणून खणण्यापूर्वी त्या जागेची बारकाईने पाहणी करावी लागते.

या पाहणीचे पहिले साधन म्हणजे डोळे. सपाट प्रदेशात एकच उंचवटा का असावा? पावसाने धुपलेल्या उतारावर विटांचे तुकडे का दिसावेत? त्या विटा आजच्या विटांहून मोठ्या का असाव्यात? असे प्रश्न संशोधक स्वतःला विचारतो. मग तो जमिनीवर दोऱ्या ताणून सारख्या आकाराचे चौकोन आखतो आणि प्रत्येक चौकोनात किती खापरे सापडली व ती कोणत्या घडणीची आहेत, याची नोंद नकाशावर करतो. शेतातील पीकही कधी कधी साक्ष देते. जमिनीखाली भिंत असेल, तर मुळांना ओल कमी मिळते व वरचे पीक खुरटते. जुना खंदक बुजलेला असेल, तर तेथे ओल टिकते व पीक अधिक हिरवे दिसते.

दुसरे साधन म्हणजे यंत्रे. ओलसर मातीतून विजेचा प्रवाह सहज वाहतो. दगडाविटांच्या भिंतीतून तो तितका सहज वाहत नाही. म्हणून जमिनीत धातूच्या सळया रोवून ठिकठिकाणी विजेला होणारा विरोध मोजतात. १९४६ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी पुरातत्त्वाच्या कामी ही पद्धत प्रथम वापरली. भाजलेल्या विटांत व भट्ट्यांत किंचित चुंबकत्व उरते. तेही मोजता येते. आता रडारच्या लहरी जमिनीत सोडून त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून गाडल्या गेलेल्या वस्तूची खोली अजमावतात. या सर्व मापांचा नकाशा काढला की एक ढेकूळही न हलविता भिंतीची रेषा डोळ्यांपुढे उभी राहू शकते.

या साधनांचे मोल जेथे माणसे राहतात तेथे विशेष कळते. ग्रीस देशात डेल्फी येथे अपोलो देवाच्या प्राचीन क्षेत्रावर कास्त्री नावाचे खेडे वसले होते. १८९२ साली फ्रेंच संशोधकांनी तेथे उत्खनन आरंभिले, त्यापूर्वी ते खेडे उठवून दुसरीकडे वसवावे लागले. एका पुरातन देवस्थानासाठी जिवंत गावाला आपली घरे सोडावी लागली! पवनीतही जुन्या तटाच्या आत आज लोकांची घरे नांदत आहेत. अशा ठिकाणी न खणता जितके कळेल तितके बरे.

पाहणी पुरी झाल्यावर निवडक जागी लहानसा चर खणतात. त्याच्या उभ्या कडेवर मातीचे थर स्पष्ट दिसतात. थर हलले नसतील, तर खालचा थर जुना व वरचा नवा, हा नियम असतो. म्हणून वस्तू कोणती सापडली, याइतकेच ती कोणत्या थरात सापडली, हेही महत्त्वाचे असते.

प्राचीन अवशेषांना मोठे भय असते ते अज्ञानाचे. आयती वीट मिळाली म्हणून कोणी ती ओट्यास लावतो, तर कोणी धनाच्या लोभाने रात्री खड्डा खणतो. धन तर मिळत नाहीच. पण थर विस्कटून जातात. नाणे खिशात घातले की ते केवळ एक नाणे उरते. ते कोणत्या काळी, कोणाच्या अंगणात पडले, हे मग कोणीही सांगू शकत नाही. जमिनीत मौल्यवान ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा आपल्या देशात १८७८ पासून आहे.

नांगरताना कोरीव दगड वर आला किंवा नदीच्या कडेला जुनी खापरे दिसली, तर ती जागेवरून हलवू नयेत. ती जागा ध्यानात ठेवून गुरुजींना व वडीलधाऱ्यांना दाखवावी. शेतात व नदीकाठी सर्वांत अधिक हिंडतात ती मुलेच. तेव्हा अशा खुणा प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडण्याचा संभव अधिक.