बारा जणांची सिंफनी

आत जाताना सभासदत्वाचं ओळखपत्र दाखवावं लागे. आज काय वाजणार आहे, हे आधी कुणालाही कळवलेलं नसे. वादन संपल्यावर टाळ्यांना बंदी होती आणि नापसंती व्यक्त करायलाही तितकीच बंदी. वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना दार बंद. एखादी रचना कानाला जड गेली, तर तीच काही आठवड्यांनी पुन्हा वाजे, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही. संगीतकार आर्नोल्ड शॉनबर्गने नोव्हेंबर १९१८मध्ये व्हिएन्नात जे खासगी संगीतप्रयोग मंडळ काढलं, त्याचे हे नियम.

नियम कडक होते आणि त्यामागे अनुभव होता. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात शॉनबर्ग स्वतःच्या, झेमलिन्स्कीच्या आणि वेबर्न-बेर्ग या आपल्या शिष्यांच्या रचनांचा कार्यक्रम सादर करत होता. बेर्गच्या गाण्यांपर्यंत येता येता श्रोत्यांमध्ये इतका दंगा उसळला की पोलिसांना यावं लागलं. कार्यक्रम अर्धवट थांबला आणि शेवटी ठेवलेली माहलरची गाणी वाजलीच नाहीत. नव्या संगीताचा निकाल ते ऐकण्याआधीच लागतो, हे शॉनबर्गने त्या रात्री पुरेपूर पाहिलं होतं. त्याला आता नुसतं ऐकणारे लोक हवे होते.

मंडळ निघालं तेव्हा महायुद्ध संपून काही दिवसच झाले होते. साम्राज्य कोसळलेलं, कोळसा मिळत नव्हता, फ्लूची साथ घराघरात शिरलेली. चित्रकार एगॉन शीले ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी त्याच साथीत गेला. अशा शहरात शंभर वादकांचा वाद्यवृंद उभा करून त्याच्याकडून नव्या सिंफनीच्या मनासारख्या तालमी करून घेणं अशक्यच होतं. म्हणून २९ डिसेंबर १९१८च्या पहिल्या कार्यक्रमात माहलरची सातवी सिंफनी वाजली ती एका पियानोवर, चार हातांनी.

पैशाची चणचण हे कारण खरं, पण ते अर्धंच. मंडळाचं माहितीपत्रक फेब्रुवारी १९१९मध्ये आल्बान बेर्गने लिहिलं. त्यात त्याने या अडचणीकडे उलट्या बाजूने पाहिलं आहे. आधुनिक संगीताचा सगळा प्रभाव वाद्यांच्या रंगावर उभा आहे, रंग काढला तर खाली काहीच उरणार नाही, असा आरोप तेव्हा सर्रास होत असे. बेर्गचं म्हणणं असं की मग रंग काढून बघूच. पियानोवर किंवा मोजक्या वाद्यांवर तीच रचना वाजवली आणि ती तरीही बोलली, तर आरोपाचं उत्तर आपोआप मिळालं. मला या मंडळाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या भूमिकेमुळे. त्यांनी काटकसरीला परीक्षेचं रूप दिलं, आणि ती परीक्षा त्यांनी त्यांना सर्वांत प्रिय असलेल्या रचनांची घेतली.

सिंफनी लहान करण्याची कल्पना अर्थातच त्यांची नव्हती. हायडनला लंडनला नेणाऱ्या योहान पेटर सालोमोनने त्याच्या बारा लंडन सिंफनी बासरी, चार तंतुवाद्यं आणि हवा तर पियानो, अशा मेळासाठी मांडून छापल्या होत्या. बेथोवेनची दुसरी सिंफनी पियानो, व्हायोलिन आणि चेलो या त्रयीसाठी त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. ध्वनिमुद्रण येण्याआधी युरोपातल्या बहुतेक संगीतप्रेमींना सिंफनी माहीत होती ती घरच्या पियानोवरून. ती सोय होती, आणि चांगली सोय होती. व्हिएन्नाच्या मंडळात मात्र या कामाला वाचनाची, जवळजवळ समीक्षेची धार आली.

ही धार कुठे दिसते, हे पाहायचं तर माहलरच्या चौथ्या सिंफनीकडे जावं लागतं. म्युनिकला २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ती पहिल्यांदा वाजली तेव्हा तिची हुर्यो झाली होती. माहलरच्या मानाने तिचा वाद्यवृंद आटोपशीर आहे: ट्रॉम्बोन नाहीत, ट्यूबा नाही. तरी चार बासऱ्या, तीन ओबो, तीन क्लॅरिनेट, तीन बसून, चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, हार्प, तालवाद्यं आणि तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा लागतोच. शॉनबर्गचा शिष्य एर्विन श्टाइन याने १९२१च्या आरंभी मंडळासाठी तिची जी मांडणी केली, तीत एक बासरी, एक ओबो, एक क्लॅरिनेट, पाच तंतुवाद्यं, पियानो, हार्मोनियम आणि दोन तालवादक आहेत. एकूण बारा जण आणि शेवटच्या भागासाठी गायिका.

हॉर्न नाही, ट्रम्पेट नाही, बसून नाही, हार्पही नाही. कागदावर ही यादी वाचताना वाटतं की हे जमणार नाही. जमतं, कारण माहलरचा वाद्यवृंद मोठा असला तरी तो एकदम क्वचितच वाजतो. पानच्या पान असं असतं की दोन-तीन सूरवाद्यं एकमेकांशी बोलत असतात आणि बाकीचे वादक थांबलेले असतात. घुंगरांवर आणि बासऱ्यांवर सुरू होणारा पहिला भाग बारा जणांत ऐकला की मोठ्या सभागृहात पडद्यामागे राहणाऱ्या मधल्या ओळी, विशेषतः व्हिओलाच्या आणि चेलोच्या, अगदी समोर येतात. कोण कुणाला उत्तर देतो आहे, ते कळतं.

नुकसानही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या भागात माहलरने मुख्य व्हायोलिनवादकाला एक पूर्ण स्वर चढवून लावलेलं व्हायोलिन दिलं आहे. तो मृत्यूचा सारंगीवाला. त्याचा कर्कश, रस्त्यावरचा आवाज मऊ तंतुवाद्यांच्या समूहातून एकटा वर यावा, अशी योजना आहे. श्टाइनच्या मांडणीत प्रत्येकजणच एकटा आहे, त्यामुळे तो वेगळेपणा निम्मा होतो. शिवाय तो भाग मुळात हॉर्नच्या सुरांनी उघडतो आणि इथे हॉर्नच नाही. तिसऱ्या संथ भागाच्या अखेरीस सगळा वाद्यवृंद एकाएकी पूर्ण ताकदीने उसळतो, तिथे पियानो जिवाच्या आकांताने वाजवला तरी स्वर्गाचं दार उघडल्याचा तो धक्का पूर्ण बसत नाही.

मग गायिका उभी राहते आणि हिशेब उलटा होतो. शेवटचा भाग म्हणजे एका लहान मुलाने सांगितलेलं स्वर्गातलं जगणं. हे गाणं माहलरने १८९२मध्येच रचलं होतं. ते निरागसपणे गावं, त्यात विडंबनाचा सूर येऊ नये आणि साथ अत्यंत हलकी असावी, अशी सूचना त्याने लिहून ठेवली आहे. शंभर वादकांपुढे उभ्या असलेल्या गायिकेला ही सूचना पाळणं फार कठीण. बारा जणांपुढे ती खरोखर मुलासारखी, आवाज न वाढवता गाऊ शकते. माझ्या मते हा एक भाग लहान मेळात मोठ्या मेळापेक्षा सरस ठरतो.

या सगळ्याला एकत्र धरून ठेवतं ते हार्मोनियम, म्हणजे आपल्या पेटीचं मूळ रूप. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँने १८४०च्या दशकाच्या आरंभी पेटंट घेतलेलं हे पायभात्याचं वाद्य. व्हिएन्नाच्या कॅफेंमधल्या छोट्या वाद्यमेळांत ते आधीपासून होतं. नसलेल्या फुंकवाद्यांचे लांब धरलेले सूर त्याने भरून काढायचे, हा त्या मेळांचा रिवाज शॉनबर्गच्या मंडळाने उचलला. क्लोद दब्यूसीच्या ‘फॉनच्या दुपारी’ची १९२०मधली बेनो साक्सची मांडणी घ्या किंवा श्टाइनचा माहलर, हार्मोनियम दोन्हीकडे आहे. त्याच सुमारास मराठी रंगभूमीवर पायाने चालवायचा ऑर्गन नटाच्या गाण्यामागे हेच भरण्याचं काम करत होता. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाने १९११च्या ‘मानापमान’ला संगीत दिलं, तो हाच काळ. दोन्ही ठिकाणी गरज एकच होती: माणसं थोडी आणि सुराचा धागा तुटू द्यायचा नाही.

मंडळाच्या हार्मोनियमवर एकदा खुद्द बेर्ग बसला होता. २७ मे १९२१ची संध्याकाळ, तिजोरीत खडखडाट. निधीसाठी योहान श्ट्राउसच्या वॉल्ट्झचा कार्यक्रम ठरला. शॉनबर्गने दोन, वेबर्नने एक आणि बेर्गने एक वॉल्ट्झ छोट्या मेळासाठी मांडला. वाजवायलाही तेच बसले: शॉनबर्ग आणि रुडॉल्फ कोलिश व्हायोलिनवर, वेबर्न चेलोवर, एडुआर्ड श्टॉयरमान पियानोवर. नंतर त्या हस्तलिखितांचा लिलाव झाला. ज्यांच्या संगीताला शहर बेसूर म्हणत होतं, त्यांनी त्या शहराच्या सर्वांत लाडक्या चाली इतक्या मायेने हाताळाव्यात, हे मला फार हृद्य वाटतं.

पैसा तरीही पुरला नाही. ऑस्ट्रियन क्रोनची किंमत रोज घसरत होती आणि १९२१च्या अखेरीस व्हिएन्नातलं मंडळ बंद पडलं. तीन वर्षांत ११७ कार्यक्रम, १५४ रचना, ३५३ सादरीकरणं. म्हणजे प्रत्येक रचना सरासरी दोनदा तरी वाजली. ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीची मांडणी हान्स आइस्लर, श्टाइन आणि कार्ल रांकल यांनी भाग वाटून घेऊन पुरी केली होती. तिच्या संथ भागात मुळात चार वाग्नर-ट्यूबा आहेत. इथे एकच हॉर्न, बाकी हार्मोनियम आणि पियानो. मंडळाला ती वाजवता आली नाही. माहलरच्या ‘पृथ्वीचं गाणं’वर शॉनबर्गने त्याच वर्षी काम सुरू करून सोडलं, ते राइनर रीनने १९८३मध्ये पूर्ण केलं.

श्टाइन ज्यू होता. १९३८मध्ये त्याला व्हिएन्ना सोडून लंडनला जावं लागलं, तिथे त्याने संगीत-प्रकाशनात काम केलं आणि बेंजामिन ब्रिटनच्या संगीताची पाठराखण केली. त्याच्या माहलरच्या वादकप्रती दरम्यान हरवल्या होत्या. १९९०च्या दशकात अलेक्झांडर प्लॅटने श्टाइनच्या खुणांवरून त्या पुन्हा उभ्या केल्या. तेव्हापासून ही मांडणी जगभर वाजते. करोनाच्या काळात मंचावर अंतर राखणं भाग होतं, तेव्हा अशा मांडण्यांनी अनेक वाद्यवृंदांना तारलं.

ती आपल्याकडे वाजावी, असं मला मनापासून वाटतं. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं. बारा वादक जमवणं अशक्य नाही. हातपेटी मात्र चालणार नाही, कारण एक हात भात्यात अडकतो आणि इथे दोन्ही हात लागतात. त्यासाठी संगीत नाटकांच्या प्रयोगात आजही वाजतो तो पायभात्याचा ऑर्गन हवा. त्याचे सूर बाकीच्या वाद्यांच्या पट्टीला आणायला पेटी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या कारागिराला बसवावं लागेल; स्वरपट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे त्याला सांगावं लागणार नाही. छापील प्रती मिळतात. तालमी मात्र शॉनबर्गच्या मंडळासारख्या हव्यात, काम पक्कं होईपर्यंत.