छातीवरचा जुगार!

सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकाचे सामने झाले, तेव्हा भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर प्रमुख प्रायोजकाची पाटी नव्हती. छातीवर ठळक होते ते देशाचे नाव. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या संघाला प्रायोजक नसावा याचे कित्येकांना नवल वाटले. काहींना तर ती नामुष्की वाटली. आम्हांला मात्र ती कोरी छाती पाहून बरे वाटले. देशाच्या संघाने देशाचे नाव लावून खेळावे, यात लाजण्यासारखे काय आहे? लाजण्यासारखे होते ते निराळेच. ती छाती मंडळाने आपल्या हाताने कोरी केली नव्हती. संसदेने कायदा केला म्हणून ती कोरी करावी लागली!

घडले ते असे. जुलै २०२३ मध्ये ‘ड्रीम इलेव्हन’ ही कंपनी तीन वर्षांसाठी भारतीय संघाची प्रमुख प्रायोजक झाली. कराराची रक्कम ३५८ कोटी रुपये असल्याचे प्रसिद्ध झाले. कंपनीचा धंदा सर्वांना ठाऊक होता. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांतून आपल्या मनाचे अकरा खेळाडू निवडायचे, प्रवेश-शुल्क भरायचे, आणि त्या खेळाडूंच्या धावांवर व बळींवर आपले नशीब टांगून बसायचे. जमलेल्या पैशांतून कंपनी आपला वाटा कापून घेई आणि उरलेले बक्षीस म्हणून वाटी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा नवा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळविणे या कायद्याने गुन्हा ठरविले. त्याची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला. कंपनीने पैशांचे खेळ बंद केले, करार संपला आणि जर्सी कोरी झाली.

यानंतर मंडळाने नव्या प्रायोजकासाठी जी जाहीर निविदा काढली, तीत पैज, जुगार, मद्य, तंबाखू यांचे व्यापारी नकोत असे स्पष्ट लिहिले. वाचून आम्हांला हसावे की रडावे ते कळेना. जी गोष्ट सप्टेंबरात त्याज्य ठरली, ती जुलैत ग्राह्य कशी होती? जुगाराचा धर्म दोन महिन्यांत बदलला नव्हता. बदलला होता तो कायदा. आणि ज्याची नीती कायद्याच्या दंडुक्याने जागी होते, त्याच्यापाशी नीती होती असे म्हणता येत नाही. भय होते एवढेच म्हणता येते.

कंपन्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, हे आम्ही नाकारीत नाही. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा खेळ कौशल्याचा आहे असे म्हटले होते. नव्या कायद्यालाही आव्हान देण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती प्रकरणे आपल्याकडे घेतली. कायद्याचा कीस न्यायालये पाडतील. तो त्यांचा अधिकार आहे. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. एखादी गोष्ट कायद्याने गुन्हा नसली म्हणजे ती राष्ट्रीय संघाच्या छातीवर मिरविण्याच्या योग्यतेची होते काय? मद्याचे दुकान परवान्याने चालते. म्हणून कोणी शाळेच्या फाटकावर त्याची पाटी लावीत नाही.

न्यायालयाचे नाव निघालेच आहे, तर याच मुंबई राज्यातून निघालेल्या एका खटल्याची आठवण द्यावयास हवी. बंगळूरहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे एक साप्ताहिक शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा चालवी आणि त्याचे ग्राहक मुंबई राज्यात भरपूर होते. मुंबई सरकारने त्यावर कर बसविला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९५७ मध्ये सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला की जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापारच नव्हे. तेव्हा व्यापार-स्वातंत्र्याच्या हक्काचे कवच त्याला मिळू शकत नाही. निकालपत्रात त्यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि राज्य पणाला लावून वनवासी झालेल्या पांडवांचा दाखला दिला. घटनाकारांनी नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले ते संसार उभे करण्यासाठी दिले, फाशांवर उधळण्यासाठी नव्हे, हा त्या निकालाचा आशय. त्या खटल्यात आरोपाच्या पिंजऱ्यात एक नियतकालिक होते, हेही आम्हां वृत्तपत्रवाल्यांनी विसरू नये.

आता कोणी म्हणेल, जाहिरात पाहून शहाणा माणूस पैसे लावील की नाही हे तो ठरवील; त्यात मंडळाचा काय दोष? या प्रश्नातच सारी मेख आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली जाहिरात आणि खेळाडूच्या छातीवर छापलेले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत. जाहिरातीत व्यापारी स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि ऐकणारा त्यातून चार आणे वजा करूनच ऐकतो. जर्सीवरचे नाव काहीच बोलत नाही. ते खेळाडूची पुण्याई उसनी घेते. शिवाजी पार्कावर किंवा ओव्हलवर भर उन्हात बॅट घेऊन उभा असलेला बारा वर्षांचा पोर त्या खेळाडूला दैवत मानतो. त्या दैवताच्या छातीवर जे लिहिलेले असते, ते त्याच्या दृष्टीने जाहिरात राहात नाही. ते खेळाचाच भाग होऊन बसते. क्रिकेट म्हणजे बॅट, चेंडू आणि पैज, असे समीकरण त्याच्या मनात न कळत ठसते. तो सज्ञान होईल त्या दिवशी त्याला पटवावयाचे काही उरतच नाही!

इंग्लंडात या पापाची एक विलक्षण कबुली पाहावयास मिळते. तेथील पैजेच्या कंपन्यांची नावे फुटबॉलपटूंच्या छातीवर वर्षानुवर्षे झळकली. परंतु मुलांच्या मापाच्या जर्सीवर ती छापू नयेत असा संकेत त्या धंद्यानेच घालून घेतला. म्हणजे मुलाच्या अंगावर ते नाव घातक, हे मान्य. पण मुलगा ज्याच्याकडे डोळे लावून बसतो त्याच्या अंगावर ते चालेल! अखेर लोकमताच्या रेट्यापुढे प्रीमियर लीगच्या क्लबांना एप्रिल २०२३ मध्ये ठरवावे लागले की २०२५-२६ च्या हंगामाअखेर छातीवरची ही नावे उतरवावयाची. छातीवरची, बरे का! बाहीवरची आणि मैदानाच्या कडेच्या फलकांवरची नावे या ठरावातून सुटली. इटलीने २०१८ मध्ये याहून धीट पाऊल टाकले आणि जुगाराच्या जाहिरातींवर व प्रायोजकत्वावर सरसकट बंदीचा कायदा केला.

आपल्याकडे जाहिरातीखाली इशारा असे. या खेळात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते, जबाबदारीने खेळा, अशी सूचना देण्याचे बंधन जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून घातले होते. ती सूचना निवेदक ज्या वेगाने म्हणून टाकी, तो वेग ज्यांनी ऐकला आहे त्यांना तिचे मोल सांगावयास नको. कोटीच्या बक्षिसाची दवंडी ढोल बडवून पिटायची आणि सर्वनाशाचा इशारा एका श्वासात गिळायचा, याला सावधगिरी म्हणत नाहीत. या खेळांनी किती घरे बसविली? कायदा आणताना केंद्र सरकारने जो अंदाज मांडला, तो पंचेचाळीस कोटी लोकांना झळ लागल्याचा आणि वीस हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसानीचा होता. हा आकडा अर्ध्याने कमी धरला तरी तो कोणत्याही विचारी माणसाची झोप उडविण्यास पुरेसा आहे.

‘हा पैसा गेला तर खेळ मरेल,’ असे रडगाणे प्रत्येक वेळी गाइले जाते. तंबाखूच्या वेळीही ते गाइले गेले. एके काळी भारतीय क्रिकेटपटूंच्या जर्सीवर विल्सचे नाव होते. १९९६ ची विश्वचषक स्पर्धाच विल्सच्या नावाने झाली. २००१ मध्ये कंपनीने क्रिकेटमधून अंग काढून घेतले आणि २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वाचा दरवाजा कायमचा लावला. क्रिकेट मेले काय? उलट त्यानंतर ते असे फोफावले की त्याच्या तिजोरीकडे जगाने पाहात राहावे. २०२५ ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. आशिया चषकाचे सामने चालू असतानाच एका टायर बनविणाऱ्या कंपनीने मार्च २०२८ पर्यंतच्या करारासाठी सुमारे ५७९ कोटी रुपये मोजण्याचे कबूल केले. जुगाऱ्याच्या पैशाहून टायरवाल्याचा पैसा अधिक निघाला! मग इतकी वर्षे ही कोणती अगतिकता होती? ती अगतिकता नव्हती. केवळ सोय होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बंदीने जुगार मरत नाही, तो भूमिगत होतो, असे म्हणतात. आणि मुंबईकराला हे कोणी शिकवावयास नको. मुंबईत १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, तरी १९६० नंतरच्या दशकात वरळीचा मटका गिरणगावाच्या चाळीचाळीत शिरला आणि कामगारांचे पगार गिळून बसला. लोढा समितीनेही जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरील पैजा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. पण मटक्याने कितीही घरे बुडविली तरी मटकेवाल्याचे नाव कधी भारताच्या कप्तानाच्या छातीवर आले नाही. मटका खेळणारा आकडा लावताना इकडेतिकडे पाहून लावी. ती लाज हेच समाजाचे शेवटचे कुंपण होते. जाहिरातीने ते कुंपण मोडले. पैज कायदेशीर असावी की नसावी यावर मतभेद होऊ शकतात. तिला प्रतिष्ठा देऊ नये, यावर मतभेद कसला?

आणि ही लढाई संपलेली नाही. परदेशी सट्टेबाज कंपन्या बातम्यांच्या संकेतस्थळांचे सोंग घेऊन जाहिराती करतात, हे केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने ऑक्टोबर २०२२ मध्येच बजावले होते. अशाच एका प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने २०२५ मध्ये नामांकित माजी क्रिकेटपटूंना चौकशीसाठी बोलाविले. चौकशीतून जे निघेल ते निघो. परंतु ज्यांना या देशाने डोक्यावर घेऊन नाचविले, त्यांच्या दाराशी ही वेळ यावी, याचा विषाद वाटल्यावाचून राहात नाही.

आमची मागणी थोडक्यात आहे. मंडळाने निविदेपुरता नव्हे, आपल्या नियमावलीतच जुगाराच्या पैशाला कायमचा मज्जाव लिहून ठेवावा. उद्या न्यायालयाने कायदा ठेवो वा उडवो, तो नियम ढळता कामा नये. तोच नियम आयपीएलच्या संघांना, मैदानावरच्या फलकांना आणि प्रक्षेपणालाही लावावा. जो खेळाडू पैज लावताना सापडला तर मंडळ त्याला मैदानाबाहेर काढते, त्याच्याच अंगावर पैजेचे नाव चढविण्याचा अधिकार त्या मंडळाला कोणी दिला? माजी खेळाडूंनी असल्या जाहिरातींना नकार द्यावा आणि वृत्तपत्रांनीही त्या छापू नयेत. बाकीचे सारे कायदा करील. पण नकार देणे हे काम कायद्याचे नाही, माणसाचे आहे.

द्यूतसभेत युधिष्ठिराने स्वतःचे होते तोवर पणाला लावले आणि मग जे त्याचे नव्हते तेही लावले. भारतीय संघाची छाती ही मंडळाची मालमत्ता नव्हे. ती या देशातल्या कोट्यवधी पोरांची आहे. ती पुन्हा पणाला लावण्याचा हक्क कोणालाही नाही!