नऊ अक्षरे, सहा संख्या आणि अर्धे मिनिट

ब्रिटनमध्ये ‘चॅनल फोर’ ही दूरचित्रवाणी वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली. तिच्यावरून अगदी पहिला म्हणून जो कार्यक्रम दाखविण्यात आला, तो ‘काउंटडाउन’ हा शब्दांचा व संख्यांचा खेळ होय. कल्पना मूळची इंग्रजांची नव्हे. फ्रान्समध्ये अरमां जामो यांनी १९६५ साली सर्वांत लांब शब्द शोधण्याचा एक खेळ दूरचित्रवाणीवर आणला होता. १९७२ मध्ये त्याला आकडेमोडीची जोड मिळाली आणि त्याचे नाव ‘डे शिफ्र ए डे लेत्र’, म्हणजे ‘आकडे आणि अक्षरे’, असे झाले. हा फ्रेंच कार्यक्रम २०२४ मध्ये बंद झाला; त्याचे इंग्रजी अपत्य मात्र अद्याप चालू आहे.

या खेळाला भपका असा नाहीच. दोन स्पर्धक, एक निवेदक, पाटीवर अक्षरे व संख्या लावणारी एक सहकारी, शब्दकोश घेऊन बसलेला जाणकार आणि मागे तीस सेकंद मोजणारे एक मोठे घड्याळ. बक्षीस म्हणून रोख रक्कम मिळत नाही. भाग जिंकणाऱ्याच्या हाती पडते ती त्या घड्याळाचे चित्र असलेली चहाची किटली आणि, खरे मोल जिचे, ती पुढच्या भागात पुन्हा खुर्चीवर बसण्याची संधी. लागोपाठ आठ भाग जिंकणारा स्पर्धक अपराजित म्हणून बाजूला होतो आणि मालिकेच्या अखेरच्या फेऱ्यांसाठी त्याला परत बोलावले जाते. एका पराभवाने हे सारे संपते.

अक्षरांच्या डावात स्पर्धक पाहिजे त्याप्रमाणे ‘स्वर’ किंवा ‘व्यंजन’ असे मागत जातो व पालथ्या घातलेल्या गठ्ठ्यांतून एकेक अक्षर पाटीवर लागते. अशी नऊ अक्षरे झाली, की घड्याळ सुरू होते. त्यांत निदान तीन स्वर व चार व्यंजने असावीत असा नियम आहे. प्रत्येक अक्षर एकदाच वापरून होईल तेवढा लांब शब्द जुळवावयाचा. जितकी अक्षरे तितके गुण. नऊच्या नऊ वापरली तर मात्र दुप्पट, म्हणजे अठरा. ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण, आखूड शब्दाला काहीही नाही. दोघांची लांबी सारखी असेल तर दोघांनाही मिळतात. (देवनागरीत हा खेळ जसाच्या तसा आणणे कठीण. रोमन लिपीतील स्वर व्यंजनाशेजारी सुटा उभा राहतो. आपल्याकडे तो काना, मात्रा, वेलांटी होऊन व्यंजनाला चिकटतो आणि जोडाक्षरात तर व्यंजनही अर्धे होते. सुट्या पाट्यांवर हे मांडावयाचे म्हणजे वेलांट्यांचाही एक गठ्ठा करावा लागेल.)

मुरलेला स्पर्धक शब्द ‘आठवत’ बसत नाही. तो अक्षरांची मांडणी बदलून पाहतो. इंग्रजीतील नेहमीचे प्रत्यय, म्हणजे अनेकवचनाचा ‘एस’, भूतकाळाचा ‘ई-डी’, ‘आय-एन-जी’, ‘ई-आर’, ‘आय-ई-एस-टी’, तो मनात बाजूला काढून ठेवतो आणि उरलेल्या अक्षरांतून धातू शोधतो. काही अक्षरसमूह तर त्याला तोंडपाठच असतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरे एकत्र आली, की त्यांतून ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’ असे शब्द निघतात हे त्याला विचार न करता ठाऊक असते. त्यांत ‘जी’ मिळाला तर ‘अँग्रिएस्ट’, ‘गँट्रीज’, ‘इनग्रेट्स’. ‘सी’ मिळाला तर ‘कॅनिस्टर’. हे ज्ञान वाचनाने येते त्यापेक्षा घोकण्याने अधिक येते, हे मान्य केले पाहिजे. उत्तम वाचक या खुर्चीवर गोंधळलेला दिसतो, आणि ज्याने साहित्याचे पान क्वचितच उलटले असेल तो सहज आठ अक्षरे जुळवितो.

परंतु शब्द सापडला म्हणजे काम झाले असे नाही. खरी परीक्षा घड्याळ थांबल्यावर सुरू होते. दोघांनी प्रथम केवळ लांबी सांगावयाची: ‘सात’, ‘आठ’. ज्याने अक्षरे निवडली त्याने आधी. त्यानंतरच शब्द उघड होतात आणि ते ग्राह्य की अग्राह्य हे ऑक्सफर्डचा शब्दकोश ठरवितो. विशेषनामे चालत नाहीत, जोडरेघेने सांधलेले शब्द चालत नाहीत. विशेषणाची तुलनात्मक रूपे तर कित्येकांना घरी पाठवितात. एकावयवी विशेषणांची रूपे आपोआप मान्य होतात, पण त्याहून लांब विशेषणाचे रूप कोशात नोंदलेले असावे लागते. बोलताना सर्रास वापरले जाणारे रूप कोशात नाही, असे अनेकदा घडते. शब्द नाकारला गेला, की त्या डावाचे गुण शून्य.

येथे स्पर्धकाला आपल्या शब्दज्ञानाची नव्हे, तर त्या ज्ञानाच्या भरवशाची किंमत ठरवावी लागते. समजा, दोघांजवळही सात अक्षरांचा निर्विवाद शब्द आहे आणि पहिल्याला आठ अक्षरांचा एक शब्द सुचला आहे; पण त्याविषयी मनात शंका आहे. ‘सात’ म्हटले तर दोघांनाही सात गुण, अंतर होते तेवढेच राहील. ‘आठ’ म्हटले आणि शब्द कोशात निघाला तर तो आठ गुणांनी पुढे सरकेल. न निघाला तर सातांनी मागे पडेल. अशा पंधरा प्रसंगांपैकी सात वेळा शब्द खरा ठरला तर सात आठे छप्पन मिळतात आणि आठ सत्ते छप्पन जातात. म्हणजे खात्री निम्म्याहून किंचित कमी असली तरी धाडस परवडते. भित्र्या स्पर्धकाला हे पटत नाही. त्याला न मिळालेल्या आठ गुणांपेक्षा गमावलेले सात अधिक बोचतात.

दुसऱ्या स्पर्धकाचा हिशेब अगदी निराळा असतो, कारण त्याने पहिल्याचा आकडा ऐकलेला असतो. पहिला ‘आठ’ म्हणाला असेल तर दुसऱ्याच्या जवळचे खात्रीचे सात जवळजवळ निरुपयोगी होतात; पहिल्याचा शब्द खोटा निघाला तरच त्यांना मोल. अशा वेळी शंकास्पद आठ पुढे करण्यात गमावण्यासारखे थोडेच असते. उलट पहिला ‘सहा’ म्हणाला असेल तर खात्रीचे सात सोडून आठांच्या मागे लागणे हा शुद्ध वेडेपणा होय. मिळकत वाढणार ती एका गुणाची. फसले तर आपले सात जाणार आणि वर प्रतिस्पर्ध्याच्या पदरात सहा पडणार. हे सर्व एका श्वासात ठरवावे लागते. अक्षरांचे दहा डाव असतात. तेव्हा हा प्रसंग दहा वेळा उभा राहतो.

संख्यांच्या डावांत, आणि हे चार असतात, शब्दकोशाची टांगती तलवार नसते. चोवीस पाट्यांतून सहा निवडावयाच्या: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर व शंभर या चार ‘मोठ्या’, आणि एक ते दहा या प्रत्येकी दोन, अशा वीस ‘लहान’. यंत्र एक तीन अंकी संख्या दाखविते आणि निवडलेल्या संख्या प्रत्येकी फार तर एकदा वापरून, केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांच्या साहाय्याने तीस सेकंदांत तेथे पोचावयाचे. मध्ये कोठेही अपूर्णांक येता कामा नये. अचूक उत्तराला दहा गुण, पाचपर्यंत अंतर राहिल्यास सात, दहापर्यंत राहिल्यास पाच. हेही फक्त अधिक जवळ पोचणाऱ्यालाच.

१९९७ सालचा एक डाव आजही रसिक आवडीने पाहतात. संख्या होत्या २५, ५०, ७५, १००, ३ व ६. गाठावयाचे होते ९५२. स्पर्धकाने शंभरात सहा मिळवून तिनाने गुणले: ३१८. त्याला पंचाहत्तरने गुणून २३,८५० केले, पन्नास वजा केले आणि उरलेल्या २३,८०० ला पंचविसाने भागले. उत्तर बरोबर ९५२. हे ऐकून थक्क व्हायला होते. पण तीस सेकंदांत पाच आकडी संख्यांचे ओझे कोणी वाहत नाही. पंचाहत्तरने गुणून पंचविसाने भागणे म्हणजे तिप्पट करणे, आणि पन्नास वजा करून पंचविसाने भागणे म्हणजे दोन वजा करणे. म्हणजे १०६ ची नऊपट ९५४, त्यांतून दोन गेले. मोठे आकडे केवळ वेष होत. याच कोड्याची याहून साधी वाट अशी: शंभर अधिक तीन, गुणिले सहा, म्हणजे ६१८, त्याला पंचाहत्तरने गुणून पन्नासाने भागले, की ९२७, त्यांत २५ मिळविले, की ९५२. ज्या पिढीने शाळेत दिडकी म्हटली आहे, तिला ६१८ ची दीडपट करताना कागदाची गरज पडू नये. पावकी, निमकी, पाऊणकी ही जुनी शिदोरी या खेळात विलक्षण उपयोगी पडली असती.

पाट्यांची निवड हेही एक शस्त्र आहे. आघाडीवरचा स्पर्धक बहुधा एक मोठी व पाच लहान संख्या मागतो, कारण त्यांतून दोघांनाही उत्तर मिळण्याचा संभव अधिक आणि दोघांनाही मिळाले तर अंतर बदलत नाही. पिछाडीवर असलेल्याला हे परवडत नाही. तो चारही मोठ्या किंवा सहाही लहान संख्या मागून कोडे मुद्दाम अवघड करतो. स्वतः फसण्याचा धोका पत्करतो, पण प्रतिस्पर्ध्यालाही त्यात ओढतो. शेवटचे अंककोडे निवडण्याची पाळी त्याच्याकडे आली आणि तो पंधरा गुणांनी मागे असला, तर एकट्याने अचूक उत्तर दिल्यावर अंतर पाचांवर येते आणि सामना जिवंत राहतो.

कारण त्यानंतर एकच डाव उरतो. नऊ अक्षरांचा एक शब्द उलटापालटा करून, बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी भास होईल अशा रीतीने मांडलेला असतो. ज्याला ओळखू येईल त्याने घंटेची कळ दाबावी. बरोबर आल्यास दहा गुण. चुकल्यास त्याला दुसरी संधी नाही, आणि घड्याळाचा उरलेला सर्व वेळ प्रतिस्पर्ध्याचा. अंतर दहाहून अधिक असेल तर हा डाव केवळ उपचार ठरतो. दहा किंवा त्याहून कमी असेल तर मात्र आधीच्या चौदा डावांत जमविलेले सारे या एका शब्दावर येऊन थांबते. बरोबरी झाल्यास आणखी एक शब्द मांडतात, आणि निकाल लागेपर्यंत मांडीत राहतात.

एकाच दिवशी अनेक भागांचे चित्रीकरण होत असल्यामुळे विजेत्याला आनंद करावयास फारसा अवकाश नसतो. प्रेक्षकांना तो दुसरा दिवस वाटावा म्हणून तो आत जाऊन कोट बदलतो आणि त्याच खुर्चीवर येऊन बसतो. समोरच्या खुर्चीवर नवा माणूस असतो, घड्याळाचा काटा पुन्हा वर आणलेला असतो, आणि कोणीतरी पहिले व्यंजन मागत असते.