35 मिनिटांचा तास, 28 मिनिटांचा अभ्यास

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त हशा कशावर पिकतो? सरांच्या नकला, मागच्या बाकावरून सुटलेली विमानं, चालू तासाला फस्त केलेला डबा. धमाल होतीच ती! पण त्या धमालीचं बिल कोण भरत होतं, हे कुणी मोजलं नाही.

चला, मोजू या. तास 35 मिनिटांचा. ‘शांत बसा’ म्हणणं, कुणाला तरी उभं करणं, मग पुन्हा फळ्याकडे वळणं यात सातच मिनिटं गेली, तरी तासाचा पाचवा हिस्सा संपला. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीची शाळा वर्षाला किमान 220 दिवस भरायला हवी. प्रत्येक तासाला हाच हिशेब लावला तर 44 दिवसांचं शिकवणं गेलं. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची शाळा!

हे नुकसान कुणाचं? बाक वाजवणाऱ्याचं तर आहेच. पण त्याने क्लास लावलेला असेल, तर तो संध्याकाळी थोडंफार भरून काढतो. खरी गोची होते ती मधल्या बाकावरच्या गप्प मुलाची, ज्याच्या घरी क्लासची फी परवडत नाही. त्याच्यासाठी शाळेतला तास हाच एकमेव तास असतो.

मग दंगेखोर पोरं वायाच गेलेली समजायची का? इथेच गाडी उलटी फिरते. ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘असर 2023’ अहवालात निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं जमलं नव्हतं. ज्याला भागाकार येत नाही, त्याने बीजगणिताच्या तासाला 35 मिनिटं करायचं काय? ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘मस्तीखोर’ म्हणवून घेणं केव्हाही बरं वाटतं. म्हणजे मस्तीमुळे अभ्यास मागे पडतो आणि मागे पडल्यामुळे मस्ती वाढते.

यावर छडी हा उपाय नाही. कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. अमेरिकन अभ्यासक जेकब कूनिन यांनी तर 1970 मध्येच मांडलं होतं, की दंगा झाल्यावर शिक्षक काय करतात यापेक्षा दंगा होण्याआधी ते वर्ग कसा गुंतवून ठेवतात, हे जास्त महत्त्वाचं. सगळ्या वर्गावर नजर आणि तासाला वेग असला, की निम्मं काम तिथेच होतं.

तुमच्यापैकी काही जण उद्या बी.एड. करून फळ्यासमोर उभे राहतील. बाकीच्यांच्या घरी नववीतला भाऊ किंवा बहीण असेलच. शाळेतून तक्रार आली की ‘मस्ती का करतोस?’ हे सगळेच विचारतात. तुम्ही एवढंच विचारून बघा, ‘कुठल्या धड्यापासून कळेनासं झालं रे?’