बोट ओळखणारी करवत: तुमच्या टचस्क्रीनचीच युक्ती

स्क्रीनला बोट लावलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला स्पर्श कळतो. लाकूड कापायच्या टेबल सॉमध्येही हीच युक्ती चालते. अमेरिकेत १९९९ मध्ये स्टीव्ह गॅस यांनी ती शोधली. पुढे ‘सॉस्टॉप’ मशीन आली. पात्यावर हलका सिग्नल असतो. बोट लागताच तो बदलतो, अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि साधारण ५ मिलिसेकंदांत पातं थांबतं.

एवढी घाई कशाला? मी हिशोब केला. १० इंची पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दात ताशी सुमारे १४४ किलोमीटरने धावतात. ‘हात पटकन मागे घेऊ’ हे इथे जमत नाही.

जळगाव-धुळ्याकडे तुमच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये साधी मशीन असेल, तर एवढं पाळा:

- पात्यावरचा गार्ड काढू नका.
- पात्यामागची उभी पट्टी राहू द्या. ती नसली की कापलेलं लाकूड पात्याला आवळतं आणि उलटं अंगावर येऊ शकतं.
- अरुंद फळी हाताने नाही, काठीने ढकला.
- हातमोजे नकोत. दातात अडकले तर हातच ओढला जातो.
- पातं बदलताना प्लग काढा.

घरात कोणी सुतारकाम करत असेल, तर त्यांना हे आजच वाचून दाखवा.